आपल्या पोराची मॅच कुठं लागली?

२०१३ सालचा हिवाळा नुकताच सुरू झाला होता. जुन्या जालन्यातल्या एका गल्लीत केबलवाला खांबाला शिडी टेकवून वर चढला होता. तोंडात ब्लेड, खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात पाण्यानं गंजलेला जॅक. खाली तिघं उभे होते: एक किराणा दुकानदार, एक शाळामास्तर आणि स्टील कारखान्यातली रात्रपाळी संपवून आलेला एक कामगार. तिघांच्याही घरी टीव्ही व्यवस्थित चालू होता, म्हणजे तक्रार करायला ते आलेच नव्हते. त्यांना एवढंच विचारायचं होतं.

"भाऊ, आपल्या पोराची मॅच कुठं लागली?"

आपला पोरगा म्हणजे विजय झोल. जालन्याचा डावखुरा फलंदाज. त्यानं महाराष्ट्राकडून रणजी पदार्पण केलं आणि पहिल्याच सामन्यात त्रिपुराविरुद्ध नाबाद २०० धावा काढल्या. सकाळी पेपरात नाव वाचून ही मंडळी घराबाहेर पडली होती. ऐंशी-नव्वद चॅनेल दाखवणाऱ्या केबलवर आपल्या गावचा मुलगा खेळताना दिसणार नाही, हे त्यांना पटतच नव्हतं. केबलवाल्यानं वरूनच सांगितलं, "नाही लागली. कुठंच नाही लागली." खालच्या तिघांचा विश्वास बसला नाही. त्यांची समजूत अशी, की हा चॅनेल देत नाही, पैसे वाचवतोय.

केबलच्या धंद्यात त्याची वीसहून अधिक वर्षं गेली आहेत. वायर तुटणं, अॅम्प्लिफायर जळणं, रस्ता खोदताना जेसीबीनं लाइन उचकटणं, महिना संपल्यावर दारोदार वसुली, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलंय. या सगळ्या वर्षांत ज्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं तो हाच. पिक्चर खराब दिसत असेल तर जॅक बदलता येतो. सामन्याच्या ठिकाणी कॅमेराच नसेल, तर जालन्यातल्या खांबावर चढून काय होणार?

जालन्यात हा प्रश्न त्या हिवाळ्याच्याही दोन वर्षं आधीपासून सुरू झाला होता. २०११-१२ च्या मोसमात एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात झोलनं आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. त्या दिवसांत वसुलीला गेलं की प्रत्येक ओट्यावर तोच विषय असायचा. चारशे एक्कावन्न! पण त्या खेळीतला एकही फटका गावानं पाहिला नव्हता. ज्येष्ठ मंडळी मग भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगत. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद राहिले. ब्रॅडमनच्या ४५२ च्या तेव्हाच्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या आणि काठियावाडचा संघ पुढं खेळायला उतरलाच नाही. ती खेळी फक्त स्कोअरबुकात राहिली. पण ते १९४८ साल होतं, देशात टीव्हीच नव्हता. झोलची खेळी झाली तेव्हा जालन्यात घरोघरी टीव्ही होता, केबल होती, खेळाची चॅनेलं होती. तरीसुद्धा दोन्ही खेळी गावाला एकाच वाटेनं पोचल्या, पेपरातल्या आकड्यांतून.

जानेवारी २०१४ मात्र जालन्याच्या क्रिकेटवेड्यांसाठी सोन्याचा महिना ठरला. ४ तारखेला शारजात एकोणीस वर्षांखालच्या आशिया चषकाची अंतिम लढत झाली. कर्णधार झोल आणि संजू सॅमसन, दोघांनीही शतकं ठोकली आणि भारतानं पाकिस्तानला हरवलं. पुढच्याच आठवड्यात वानखेडेवर रणजीची उपांत्यपूर्व फेरी होती. समोर मुंबई, तोवर ४० वेळा रणजी जिंकलेली. पहिल्या डावात महाराष्ट्र १२२ धावांनी मागे पडला. मग मुंबईचा दुसरा डाव १२९ धावांत आटोपला आणि विजयासाठी २५२ धावा हव्या होत्या. केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१. महाराष्ट्र आठ गडी राखून जिंकला. त्या दिवशी केबलवाला मोंढ्यात एका आडतीवर लाइन जोडत होता. हमाल, दिवाणजी, मोसंबी घेऊन आलेला शेतकरी, सगळे एका मोबाईलभोवती कोंडाळं करून होते. मोबाईलवर चित्र नव्हतं, आकडे होते. दर मिनिटाला कुणीतरी बोटानं पान ताजं करायचं. आकडा बदलला की ओरडा व्हायचा, नाही बदलला की सगळे गप्प. हे दृश्य त्याच्या मनात घर करून राहिलं. आकडा बदलण्याची वाट बघत एवढी माणसं अर्धा तास उन्हात उभी राहतात, त्यांना प्रत्यक्ष चेंडू दिसला असता तर काय झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

महाराष्ट्र अंतिम फेरीत गेला. २९ जानेवारीपासून हैदराबादला कर्नाटकविरुद्ध सामना. महाराष्ट्रानं याआधी रणजी जिंकली होती ती १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये. शेवटची अंतिम फेरी गाठली होती १९९२-९३ मध्ये. इतक्या वर्षांनी आलेला योग. पहिल्याच सकाळी त्याचा फोन थांबेना. सामना ज्या चॅनेलवर होता ते त्याच्या लाइनला नव्हतं. तेव्हा जालन्यात अॅनालॉग केबल होती. प्रत्येक चॅनेलसाठी कंट्रोल रूममध्ये एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर लागायचा, आणि जागा मोजक्या असायच्या. नवं चॅनेल चढवायचं तर जुनं उतरवावं लागे. तो मोटारसायकल काढून थेट कंट्रोल रूमला गेला. एक सिनेमाचं चॅनेल काढून त्या जागी सामना लावून घ्यायला दुपार झाली. सिनेमा गेला म्हणून त्या दिवशी त्याला मोजकेच फोन आले. सामना दिसायला लागला म्हणून आलेल्या फोनांची मात्र त्याला मोजदाद ठेवता आली नाही. रणजी बघायला कोण बसतंय, असं कंट्रोल रूममध्ये त्याला ऐकवण्यात आलं होतं. त्या फोनांत त्याचं उत्तर होतं.

महाराष्ट्र तो सामना सात गड्यांनी हरला. लोक हळहळले, पण पाचही दिवस त्यांनी सामना पाहिला. आपला संघ हरताना पाहायला मिळणं हेसुद्धा प्रेक्षकाचं सुख असतं, हे त्याला तेव्हा उमगलं. पाहून झालेल्या पराभवावर गाव महिनाभर बोलत होतं. न पाहिलेल्या विजयावर बोलायला दोन दिवसांनंतर काहीच उरलं नव्हतं.

पुढं डिजिटलचा जमाना आला. शहरी भागांना ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत होती. त्यानं घरोघरी सेटटॉप बॉक्स बसवले आणि लोकांना सांगितलं की आता शेकडो चॅनेल दिसतील, जागेची अडचण संपली. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. पहिल्या शंभर चॅनेलसाठी १३० रुपये आणि वर कर, पैशाच्या चॅनेलचे वेगळे. कोणतं चॅनेल हवं ते निवडायचा अर्ज घेऊन तो दारोदार फिरला. आजोबा खेळाच्या चॅनेलवर बोट ठेवायचे, सून मालिकांच्या चॅनेलवर, आणि बिल पाहून दोघंही थबकायचे. पैसे मोजून खेळाचं चॅनेल घेतलेल्या माणसानं जेव्हा विचारलं, "यात आपली महाराष्ट्राची मॅच येईल ना?" तेव्हा त्याला पुन्हा तेच सांगावं लागलं. चॅनेल आलं, कॅमेरा नाही आला.

याहून अवघड प्रश्न अंबडच्या बाजूच्या एका वस्तीवर आला. तिथं पत्र्याच्या घरावर सरकारी फ्री डिशची छत्री होती. घरमालक म्हणाला, "आमच्या फुकटच्या छत्रीवर भारताची मॅच दिसायली, अन् तुमच्या पैशाच्या केबलवर त्याच सरकारी चॅनेलला दुसरंच काहीतरी चालू हाय. असं कसं?" याचं उत्तर कायद्यात आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं, की दूरदर्शननं ते आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणातून आणि आपल्या फ्री डिशवरूनच दाखवावं. खासगी केबलवर ते जाऊ शकत नाही. त्यामुळे एकाच चॅनेलवर, एकाच वेळी, शेजारच्या दोन घरांत दोन वेगळी चित्रं दिसतात. तो हे समजावून सांगतो. ऐकणारा मान हलवतो, पण त्याच्या चेहऱ्यावर 'हाच काहीतरी लपवतोय' हा भाव कायम असतो. केबलवाल्याला याचं वाईट वाटतं. दिल्लीत झालेल्या निर्णयाचा जाब जालन्यात त्याच्याच दारात मागितला जातो.

असे जाब जगभर मागितले जातात. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा कोणताही सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता आपल्या गावच्या मैदानावर जावं, छोट्या क्लबांची तिकीटविक्री बुडू नये, म्हणून १९६० च्या दशकापासून ही प्रथा चालत आली आहे. पण तेच सामने परदेशात विकले जातात. म्हणजे शनिवारी रात्री जालन्यातला एखादा कॉलेजचा मुलगा इंग्लंडच्या ज्या क्लबचा सामना घरबसल्या बघतो, तो सामना त्या क्लबच्या गावातल्या, तिकीट न मिळालेल्या म्हाताऱ्या चाहत्याला टीव्हीवर दिसत नाही. त्या नियमामागं निदान एक विचार आहे: मैदानं भरलेली राहावीत. आपल्याकडं गावच्या संघाचा सामना दिसत नाही तो मैदान भरावं म्हणून नव्हे. तो सामना कुणाला बघायचा असेल, हे कुणी धरलंच नाही म्हणून दिसत नाही.

रणजीत आता ३८ संघ आहेत. साखळीच्या एका फेरीत एकाच वेळी १९ सामने चालतात आणि त्यातले मोजकेच दिसतात. कोणते दिसावेत हे कसं ठरतं? जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली बारा वर्षांनी दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला. तो रेल्वेविरुद्धचा सामना आधी प्रक्षेपणाच्या यादीत नव्हता. कोहली खेळणार म्हटल्यावर ऐनवेळी कॅमेरे लागले. म्हणजे मनात आणलं तर कॅमेरे लावता येतात. त्याच वर्षी २४ डिसेंबरला विजय हजारे करंडकात याच्या उलट घडलं. रोहित शर्मानं जयपूरला मुंबईकडून १५५ आणि कोहलीनं बंगळुरूत दिल्लीकडून १३१ धावा केल्या, आणि दोन्ही सामन्यांचं थेट प्रक्षेपण नव्हतं. देशभर ओरड झाली. जयपूरच्या प्रेक्षकांनी मोबाईलवर काढलेली थरथरती चित्रं लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिली. ती ओरड ऐकताना जालन्यातल्या केबलवाल्याला वाटलं, देशाला एक दिवस जे सोसावं लागलं ते जिल्ह्याच्या गावांनी कायमच सोसलंय. रोहित-कोहलीसाठी ओरडणारे कोट्यवधी आहेत. अंबड-घनसावंगीच्या पोरासाठी ओरडणारे फार तर काही हजार. पण त्या हजारांची तळमळ कमी प्रतीची नाही.

उपाय त्याला एका वेगळ्याच गावात दिसला. काही वर्षांपूर्वी तो कुटुंबासह अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेला होता. संध्याकाळी लॉजवर टीव्ही लावला तर स्थानिक केबलच्या चॅनेलवर फुटबॉल चालू होता. शाहू स्टेडियमवरचा स्थानिक सामना, तालमीचे संघ. कॅमेरे मोजके, गॅलरीतून धरलेले, चित्र साधंच. समालोचन मात्र अस्सल कोल्हापुरी. प्रत्येक खेळाडूचं नाव, पेठ, तालीम, गेल्या सामन्यातला त्याचा गोल, सगळं समालोचकाला तोंडपाठ. लॉजचा मॅनेजर, वेटर, खालचा पानवाला, सगळे टीव्हीसमोर. पाटाकडील, शिवाजी, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार या नावांवर भांडणं जुंपली होती. महालक्ष्मीच्या दर्शनाइतकाच तो सामना त्याच्या लक्षात राहिला. धंद्यातला माणूस असल्यानं त्यानं लगेच हिशोब मांडला: दोन कॅमेरे, एक मिक्सर, मैदानापासून कंट्रोल रूमपर्यंत एक फायबर आणि बोलणारा एक जाणकार. बस्स. एवढ्यावर एका शहराला आपला खेळ रोज संध्याकाळी घरात बघायला मिळतो. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, यात त्याला काही नवल वाटलं नाही.

जालन्याला परतल्यावर त्यानं आझाद मैदानावरची टेनिस बॉलची एक स्पर्धा स्थानिक चॅनेलवर दाखवायचं ठरवलं. तोवर त्या चॅनेलवर गणेश विसर्जन, जयंतीच्या मिरवणुका आणि दुकानांच्या जाहिराती दिसायच्या. लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका मित्राकडून दोन कॅमेरे आणले, मंडपवाल्याकडून मचाण बांधून घेतलं. पहिल्या दिवशी तो स्वतःवर खूश होता. संध्याकाळी फोन सुरू झाले, आणि ते कौतुकाचे नव्हते.

"स्कोअर कुठंय? दहा मिनिटं बघायलो, कोण खेळायलंय कळंना."

"ओव्हरचा शेवटचा बॉल तुमच्या साड्यांच्या जाहिरातीनं खाल्ला."

"बॉल सोडून तुमचा कॅमेरा पाहुण्यांवरच फिरायलाय. सत्कार बघायला बसलोत का आम्ही?"

एका आईचा फोन त्याला सगळ्यात जास्त लागला. तिचा मुलगा सीमारेषेवर क्षेत्ररक्षण करत होता. त्यानं पळत जाऊन सुरेख झेल घेतला, पण कॅमेरा तेव्हा फलंदाजावरच होता. ती म्हणाली, "झेल घेतला असं बाहेरून ओरडल्याचा आवाज आला, भाऊ. पण माझं लेकरू दिसलं नाही."

वर्षानुवर्षं त्याच्या ग्राहकांच्या मोठ्या चॅनेलांबद्दलच्या ज्या तक्रारी होत्या, त्याच आता त्याच्या दारात आल्या होत्या. स्कोअर दिसत नाही. जाहिरात चेंडू खाते. कॅमेरा ओळखीच्या चेहऱ्यामागं धावतो आणि खेळ बाजूला राहतो. दुसऱ्या दिवशी त्यानं तीन गोष्टी केल्या. एका कोपऱ्यात धावफलक कायम ठेवला. जाहिरात फक्त डावांच्या मध्ये. दुसरा कॅमेरा पूर्ण मैदान दिसेल असा उंचावर लावून तिथंच बांधून ठेवला. शिवाय समालोचनासाठी एका निवृत्त क्रीडाशिक्षकाला बसवलं. त्यांना प्रत्येक खेळाडूची गल्ली आणि शाळा ठाऊक होती. त्यांनी लहानपणी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलं होतं. मैदान न बघताही श्रोत्याला क्षेत्ररचना डोळ्यांसमोर दिसायची, असं ते सांगत. चेंडू कुठं पडला, कुठं गेला, कुणी अडवला, धावा किती: याच क्रमानं ते बोलले. त्या दिवशी तक्रारी जवळजवळ थांबल्या. अंतिम सामन्याला मैदानावर गर्दी कमी होईल अशी भीती आयोजकांना होती. उलट झालं. टीव्हीवर पाहिलेली पोरं जवळून बघायला लोक घरातून उठून आले.

जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघांत छत्रपती संभाजी किंग्ज हा आपल्या मराठवाड्याचा संघ होता, आणि त्यातला मोहरा तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर, २०२२ चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेला. सामने डीडी स्पोर्ट्सवर दिसले. छत्रीवाल्यांना दिसले आणि त्याच्या बॉक्सवाल्यांनाही. खांबावरून उतरून त्यानं पहिल्यांदाच छातीठोक सांगितलं, "लागलीय मॅच. डीडी स्पोर्ट्स लावा." त्या मोसमाचे सगळे सामने पुण्याजवळ गहुंज्याला झाले, अंतिम सामना पावसानं धुतला आणि रत्नागिरी जेट्स विजेते ठरले. आपल्या संघाचं नाव मराठवाड्याचं आणि मैदान पुण्याचं, ही खंत लोकांच्या बोलण्यात होती. पण मराठवाड्यातली मुलं निळ्या-पिवळ्या प्रकाशात खेळताना गल्लीतल्या टीव्हीवर दिसली, हे आधी कधी झालं नव्हतं. त्या दिवसांत वसुलीला गेल्यावर त्याला कुणी बसायला पाट दिला, कुणी चहा.

त्याचं म्हणणं साधं आहे. गावचा प्रेक्षक तीस कॅमेरे मागत नाही, आकाशातून फिरणारे कॅमेरे मागत नाही. सामना जिथं असेल तिथं पूर्ण मैदान दिसेल असा एक स्थिर कॅमेरा, कोपऱ्यात कायम धावफलक आणि आपल्या भाषेत खेळ सांगणारा एक माणूस, एवढंच तो मागतो. राज्याच्या आणि जिल्ह्यांच्या क्रीडा संघटनांनी आपल्या प्रत्येक सामन्यासाठी हे करावं आणि ते चित्र गावोगावच्या केबलवाल्यांना द्यावं. ते दाखवायला जालन्यात एकही जास्तीची वायर टाकावी लागणार नाही. त्याच्या लाइनवरचं स्थानिक चॅनेल आजही दिवसातला बराच वेळ मोकळं असतं. खाली उभं राहून विचारणाऱ्या माणसाला वरून उत्तर देता यावं, एवढ्यासाठी त्यानं ते मोकळं ठेवलंय.